खळ्यावरचे गणित

पूर्णा जंक्शनच्या फलाटाच्या दोन्ही टोकांना पिवळ्या पाट्या उभ्या आहेत. त्यांवर गावाचे नाव ठळक अक्षरांत असते, आणि त्याखाली, नजरेत सहसा न भरणाऱ्या लहान अक्षरांत, समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. आपल्यापैकी प्रत्येकाने ही पाटी शेकडो वेळा पाहिली असेल. गाडी उशिरा असली म्हणजे तर पाठ होण्याइतकी पाहिली असेल. परंतु समुद्र इथून चारशे किलोमीटरांहून अधिक दूर. तेथून इथवर ही उंची कोणी आणली आणि कशी आणली, हा प्रश्न आपल्या मनात क्वचितच उठतो.

उत्तर निराशा वाटावी इतके साधे आहे. मध्ये एक दुर्बीण अगदी सपाटीत ठेवायची. मागे एक आकड्यांची पट्टी उभी करायची, पुढे दुसरी. मागच्या पट्टीवरचा आकडा वाचायचा, पुढचा वाचायचा, आणि एकातून दुसरा वजा करायचा. मग सारे सामान उचलून चार पावले पुढे जायचे नि तेच पुन्हा करायचे. अशा हजारो वजाबाक्यांची बेरीज करीत माणसे समुद्राच्या काठापासून देशाच्या पोटात शिरली. तत्पूर्वी भरती-ओहोटीची वर्षानुवर्षे नोंद ठेवून समुद्राची सरासरी पातळी ठरविली गेली, आणि १९०९ साली नऊ ठिकाणांच्या नोंदींवर आधारलेली जी पातळी मुक्रर झाली तीच पुढे दीर्घकाळ देशभर चालली. म्हणजे आपल्या पाटीवरचा तो आकडा तिसरीच्या मुलाला येणाऱ्या गणिताचा आहे. त्यात अवघड आहे ती चिकाटी, आणि घराबाहेर पडण्याची तयारी.

आज मला ज्या विषयावर बोलायचे आहे तो हाच: वर्गात शिकलेले गणित गावात, शेतात, नदीकाठी नेऊन लावून पाहणे. अलीकडे ह्याला 'गणिताची वाट' असे काहीसे नाव देतात. मुलांना एका ठरावीक रस्त्याने फिरवायचे, आणि प्रत्येक थांब्यावर तेथल्याच वस्तूचे एक गणित सोडवायला लावायचे, अशी ही कल्पना आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात १९८५ साली अशी एक वाट आखली गेली आणि तेथून ती जगभर गेली, असे सांगतात. ते खरेच आहे. परंतु ही कल्पना आपल्याकडे नवी आहे असे जर कोणी म्हणेल, तर त्याने आपले स्वतःचे जुने गणिताचे पुस्तक उघडून पाहिलेले नाही, एवढेच मी म्हणेन.

आठवीच्या एका वर्गात मी एकदा विचारले, "आपल्या ह्या पटांगणाचे क्षेत्रफळ किती?" वर्ग हुशार होता. आयताच्या क्षेत्रफळाचे सूत्र सर्वांना तोंडपाठ. एक मुलगा चटकन उठला आणि म्हणाला, "सर, लांबी-रुंदी सांगा की!" पटांगण दारातून दिसत होते. कोपऱ्यात दोरी पडलेली होती. पण लांबी आणि रुंदी ह्या गोष्टी प्रश्नात *दिलेल्या* असतात, त्या जाऊन *घ्यायच्या* असतात, हे त्याला कोणीच सांगितले नव्हते. त्याचा दोष नाही. आपण सर्वांनी मिळून त्याला तसे शिकविले आहे.

आता आठशे-पाऊणनऊशे वर्षे मागे जाऊ. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' पुरा केला, आणि 'लीलावती' हा त्याचाच पाटीगणिताचा भाग. त्यांचे गाव कोणते, ह्याविषयी विद्वानांत वाद आहे. कोणी चाळीसगावाजवळचे पाटण म्हणतात, कोणी विजापूर, आणि आपल्या मराठवाड्यातील बीडचेही नाव ह्या वादात येते. आपल्याला गावाचा अभिमान असल्यामुळे आपण बीडच्या बाजूने हात वर करू, परंतु आजच्या विषयाला त्याची गरज नाही. गरज आहे ती लीलावतीच्या प्रकरणांची नावे पाहण्याची. खातव्यवहार, म्हणजे खड्डा खणण्याचे गणित. चितिव्यवहार, विटांच्या रचाईचे. क्रकचव्यवहार, करवतीने लाकूड कापण्याचे. राशिव्यवहार, धान्याच्या राशीचे. छायाव्यवहार, सावलीचे. विहीर खोदणारा, गवंडी, करवत्या, शेतकरी आणि ज्योतिषी अशी पाच माणसे पुस्तकाच्या शेवटच्या पानांत एका रांगेत उभी केलेली आहेत.

त्यातील राशिव्यवहारापाशी मला जरा थांबावेसे वाटते, कारण 'रास' हा शब्द आपण अजून तसाच वापरतो. खळ्यावर मळणी झाली, उफणणी झाली, आणि धान्याची रास पडली. आता ती मापाने मोजायची म्हणजे दिवस जायचा. भास्कराचार्य म्हणतात, राशीभोवती दोरी फिरवून घेर मोजा. घेराला सहाने भागा, आलेल्याचा वर्ग करा, आणि त्याला उंचीने गुणा, झाले घनफळ. पण उंची कशी मोजणार? राशीच्या पोटात काठी खुपसायची काय? त्याची गरज नाही. हरभऱ्यासारखे जाड धान्य असेल तर उंची घेराच्या दहाव्या हिश्शाइतकी, बारीक धान्य असेल तर अकराव्या, आणि कुसळाचे धान्य असेल तर नवव्या हिश्शाइतकी धरा. घेर साठ हात असला तर जाड धान्याची उंची सहा हात. साठाचा सहावा हिस्सा दहा, दहाचा वर्ग शंभर, शंभर साहे सहाशे. सहाशे घनहात धान्य, आणि मोजायला लागली ती एक दोरी!

हे दहा, अकरा आणि नऊ आले कोठून? कोणतेही धान्य वरून ओतले की ते ठरावीक उतारावर स्थिरावते. त्याहून उभे राहू म्हटले तर घसरते. हा उतार धान्याच्या दाण्यावर अवलंबून असतो. भास्कराचार्यांचे हिस्से आजच्या पद्धतीने कोनांत मांडले तर जाड धान्याला सुमारे ३२ अंश, बारीकाला ३०, आणि कुसळाच्या धान्याला ३५ अंश येतात. कुसळे एकमेकांत अडकतात म्हणून ती रास अधिक उभी राहते. ज्याने हे लिहिले तो, किंवा ज्यांच्याकडून त्याने हे घेतले ते, खळ्यावर उभे राहिलेले होते. नुसत्या तर्काने हे सापडत नाही.

त्याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. शंकूच्या घनफळाचे आपले शाळेतील सूत्र घेऊन हिशेब केला तर घेराच्या वर्गाला उंचीने गुणून सुमारे ३७.७ ने भागावे लागते. भास्कराचार्य ३६ ने भागतात. म्हणजे त्यांनी वर्तुळाचा परीघ व्यासाच्या नेमका तिप्पट धरला, आणि त्यामुळे त्यांचे उत्तर शेकडा पावणेपाचाने जास्त येते. त्यांना ते ठाऊक नव्हते काय? चांगलेच ठाऊक होते. त्याच पुस्तकात ते परीघासाठी २२ भागिले ७ हे ढोबळ आणि ३९२७ भागिले १२५० हे सूक्ष्म प्रमाण देतात. दुसऱ्याचा अर्थ ३.१४१६. एवढे सूक्ष्म प्रमाण हाताशी असूनही राशीला त्यांनी तीन धरले. माझा तर्क असा आहे की, रास हा भूमितीतला रेखीव शंकू नव्हे, तिचा घेर वाकडातिकडा असतो, तिचे शेंड्याचे टोक चपटे असते, हे ते जाणून होते. जेथे वस्तूच तितकी नेमकी नाही तेथे आकडा नेमका करून काय मिळवायचे? किती बारकाईने मोजायचे हे वस्तूला विचारावे लागते. हा विवेक वहीतल्या गणितात शिकविता येत नाही, कारण वहीत सर्वच आकडे सारखेच नेमके असतात.

राशीचे आणखी एक पोटगणित आहे. रास भिंतीला टेकून असली तर घेराची दोरी अर्धीच दिसते. म्हणून तिची दुप्पट करून हिशेब करा आणि उत्तराचे अर्धे घ्या. खोलीच्या आतल्या कोपऱ्यात असली तर चौपट करा नि चौथा हिस्सा घ्या. भिंतीच्या बाहेरच्या कोपऱ्याला वेढून असली तर एक पूर्णांक एक तृतीयांशाने गुणा आणि पाऊण हिस्सा घ्या. आपल्या मोंढ्यात हंगामाच्या दिवसांत ह्या चारही प्रकारच्या राशी एका फेरीत पाहायला मिळतात. काट्यावर पोती चढण्यापूर्वी मुलांनी अंदाज लिहून ठेवावा आणि वजन झाल्यावर ताडून पाहावा. शेकडा पाचाची चूक आली तर त्यांनी भास्कराचार्यांची बरोबरी केली असे समजावे.

ह्या ग्रंथाचा अभ्यास चालावा म्हणून भास्कराचार्यांचे नातू चांगदेव ह्यांनी पाटण येथे मठ स्थापिला. हे चांगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाचे राजज्योतिषी. मठाला मिळालेल्या दानाचा शके ११२८ चा शिलालेख तेथे आहे, आणि तो डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेखाचा मोठा भाग संस्कृतात असला तरी दानाचा तपशील जुन्या मराठीत आहे. तेथे दर घाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यावे, अशा तऱ्हेची बोलणी आहेत. गणिताची पाठशाळा तेल्याच्या पळीवर आणि वाण्याच्या मापावर चालत होती. माप देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही कळत होते.

आता गंभीर गोष्टीकडे येतो. चार बाजूंचे शेत. चारही बाजू मोजल्या, तर क्षेत्रफळ निघते काय? गावोगाव फार जुन्या काळापासून एक सोपी रीत चालत आली आहे: समोरासमोरच्या बाजूंची सरासरी घ्यायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. ब्रह्मगुप्ताने ह्या रीतीला स्थूल म्हणजे ढोबळ असे स्पष्ट म्हटले होते. तिचा दोष असा की ती नेहमी जास्तच दाखविते, कमी कधीच नाही. शेत काटकोनी असेल तर बरोबर. जितके ते तिरके तितकी फुगवणूक जास्त. चारही बाजू पंचवीस हातांच्या घ्या. शेत चौरस असेल तर क्षेत्र ६२५. तेच चेपून कर्ण तीस आणि चाळीस हातांचे झाले तर ६००. आणखी चेपून कर्ण चौदा आणि अठ्ठेचाळीस हातांचे झाले तर केवळ ३३६. बाजू त्याच, बांध तेवढाच, आणि जमीन जवळजवळ निम्मी! पण स्थूल रीतीने तिन्ही वेळा उत्तर ६२५. सारा ज्याला भरायचा आहे त्याच्या बाजूने ह्या आकड्याकडे पाहावे.

भास्कराचार्य सहसा सौम्य लिहितात, परंतु येथे त्यांचा तोल सुटला आहे. कर्ण किंवा लंब न सांगता नुसत्या चार बाजूंवरून जो क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच, आणि जो सांगायला बसतो तो त्याहून मोठा, असा त्यांचा आशय आहे. चौकोन हा खिळखिळा असतो, बाजवेसारखा. कोपऱ्यातून कोपऱ्यात दोरी ताणली की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि तो घट्ट बसतो. त्रिकोणाच्या तीन बाजू कळल्या की त्याला हलायला जागाच राहत नाही.

ह्याच एका गोष्टीवर साऱ्या हिंदुस्थानचा नकाशा उभा राहिला. १८०२ साली विल्यम लॅम्टन ह्याने मद्रासजवळ जमिनीवर एक पायारेषा मोजली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचीत तो उत्तरेकडे निघाला. १८१५ साली बिदरजवळ दामरगिड्डा येथे आणखी एक पायारेषा मोजली गेली; १८२३ च्या जानेवारीत हैदराबादेहून नागपूरकडे जात असता हिंगणघाटला लॅम्टन वारला; आणि त्याचा साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट ह्याने १८२५ साली वऱ्हाडात टाकळखेडा येथे पुढची पायारेषा मोजून काढली. दामरगिड्डा आणि टाकळखेडा ह्यांच्यामध्ये कोणता मुलूख येतो? आपलाच. ही त्रिकोणांची माळ पूर्णेच्या पूर्वेला, नांदेडच्या पलीकडच्या डोंगरांवरून गेली. एव्हरेस्टचे नाव हिमालयाच्या शिखराला मिळाले म्हणून शाळेच्या पुस्तकात आहे. त्याचे त्रिकोण आपल्या शिवेजवळून गेले हे पुस्तकात नाही.

परंतु देशाचा नकाशा निघाला म्हणून शेतकऱ्याचे शेत मोजले जात नाही. इंग्रजी अमलातील पुणे जिल्ह्यात १८३० च्या आसपास प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने मोजणी करून सारा बसविला. मोजणीत चुका, उत्पन्नाचे अंदाज फुगलेले. हाताखालच्या लोकांनी त्यात आपली भर घातली. कागद व्यवस्थित होते, जमिनी मात्र ओस पडू लागल्या, कुळे घरदार सोडून गेली. शेवटी ती मोजणीच रद्द करावी लागली. १८३५ साली इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांनी नव्याने आरंभ केला. त्यांची साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. एका साखळीच्या चौरसाचा एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. निजामाच्या मुलखातही पुढे ह्याच धर्तीची मोजणी आली आणि आपल्या गावांचे सर्व्हे नंबर पडले. शंकू-साखळीची ही पद्धत आता मागे पडली, तरी जुनी टिपणे पाहिली तर त्यांत शेताच्या पोटातून गेलेली ती रेघ आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी टाकलेले लंब स्पष्ट दिसतात. भास्कराचार्यांनी मागितलेले कर्ण आणि लंब शेतात उतरले ते असे.

शेतकरी मात्र त्या मोजणीच्या वेळी साखळी ओढायला होता, नाहीतर बांधावर हात बांधून उभा होता. टिपण लिहिणारा वेगळा आणि जमीन कसणारा वेगळा. बांधाच्या भांडणात डोकी फुटली, दावे चालले, एका सरीसाठी दोन पिढ्या बोलायच्या राहिल्या. आणि त्यातील किती भांडणे अशी असतील की दोन्ही बाजूंना आपापल्या शेताचा कर्ण दोरीने मोजता आला असता तर ती कचेरीपर्यंत गेलीच नसती! महात्मा फुले ह्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळेत मोडी वाचन-लेखन, हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे असा आग्रह धरला. त्यांनी कुळकर्ण्याच्या दप्तरापुढे बसलेला निरक्षर शेतकरी पाहिला होता. त्यांच्या मागणीत हिशेब आणि शेती हे शब्द जवळजवळ यावेत ह्यात नवल नाही.

आजही हा प्रश्न संपलेला नाही. सात-बाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि बोलणे एकर-गुंठ्यात चालते. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, आणि एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. दोन्ही इतके जवळ आहेत की लोक एकाला दुसरा समजून व्यवहार करतात, आणि एका हेक्टरमागे एक गुंठ्याहून थोडी अधिक जमीन बोलण्यातच इकडची तिकडे होते. रस्त्याकाठच्या जमिनीचा आजचा भाव लक्षात घेतला तर त्या एका गुंठ्याची किंमत कोणत्याही शिकवणीवर्गाच्या फीपेक्षा जास्त भरेल.

असे म्हणता येईल की जुन्या लोकांना गणित येतच नव्हते. ते खरे नाही. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी घोकून घेत. औट म्हणजे साडेतीन. साडेतीनचा पाढा आज कोणत्या शाळेत म्हणतात? ही पाठांतरे बाजारासाठी होती, कारण माप पायलीचे नि शेराचे, आणि नाणे सोळा आण्यांचे. निजामी मुलखात तर आणखी एक भानगड होती. इथे हाली शिक्का चालायचा आणि पलीकडे वाशीमला, वऱ्हाडात, कलदार. शंभर कलदार रुपयांना एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, असा दर होता. ऐकून छाती दडपते. पण नीट मांडले तर तो सहास सात आहे, सहा कलदाराला सात हाली. हिंगोलीचा अडाणी म्हणवणारा व्यापारी हा हिशेब बोटांवर करी. त्यात जुन्या कागदांवर फसली सन. त्यात ५९० मिळवल्याशिवाय इसवी सन कळायचा नाही. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, १९५८ पासून मेट्रिक वजने येऊ लागली, आणि चार-पाच वर्षांत पावकी-निमकीचा जीव गेला. तिच्यासाठी मी रडणार नाही. दशमान पद्धतीने गरिबाची फसवणूक कमी झाली असेच मी मानतो. परंतु पाढे गेले त्याबरोबर बाजारात जाऊन गणित करण्याची सवयही गेली, आणि तिच्या जागी काही आले नाही.

आणण्याचे प्रयत्न झाले. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली. त्यात सुताच्या तारा मोजता मोजता गणित यावे अशी योजना होती. ती पुष्कळ ठिकाणी टकळीपाशीच अडकून पडली. त्याहून मला कोसबाडची हकीकत अधिक मोलाची वाटते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली बोर्डीला काम आरंभिले आणि पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी मुले गुरे राखायला जात, शाळेत येत नसत. तेव्हा ह्या बायकांनी शाळाच कुरणात नेली. तिचे नावच कुरणशाळा. मुलांना बाहेर काढण्याचा प्रश्न तेथे नव्हताच, मुले बाहेरच होती. पुस्तकाला बाहेर काढायचे होते.

पूर्णेत अशी फेरी काढायची तर ती कोठून कोठे न्यावी? स्टेशनापासून आरंभ करावा हे ओघानेच आले. हे गाव रेल्वेने वाढविले आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाड-सिकंदराबाद मार्ग झाला, १९१२ साली हिंगोलीचा फाटा निघाला, आणि ह्या दोन्ही वाटा मीटर रुळांच्या होत्या: आतून आत नेमके एक हजार मिलिमीटर अंतर. मनमाड मार्ग गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात आणि अकोल्याचा मार्ग २००८ साली रुंद झाला. आता अंतर १६७६ मिलिमीटर. एवढ्या फरकाने वळणे, पूल, फलाट सारे बदलावे लागले, कारण वळणावर बाहेरचा रूळ किती उचलायचा हे रुळांमधल्या अंतरावरही ठरते. मुलांना रुळांवर अर्थातच जाऊ देऊ नये. किलोमीटरचे दगड गाडीतून मोजता येतात. एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत लागलेल्या सेकंदांनी ३६०० ला भागले की ताशी वेग आला. चाळीस सेकंद लागले तर नव्वद.

मोंढा वर येऊनच गेला. त्यानंतर पाणी. पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगरांतून निघते, येलदरी आणि सिद्धेश्वर ह्या धरणांत अडते, आणि आपल्या गावाखाली गोदावरीला मिळते. पावसाळ्यात बातमी येते की धरणातून इतके हजार क्यूसेक पाणी सोडले. नदीकाठच्या वस्तीतील माणसे ती ऐकतात आणि एकमेकांकडे पाहतात. क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. एक लाख क्यूसेक म्हणजे दहा हजार लिटरचे २८३ टँकर दर सेकंदाला! हे एकदा समजले की सामान हलविण्याविषयी निराळा विचार होतो. आणि क्यूसेक शिकायला पुराची वाट पाहायला नको, पाटचारी पुरे. काठावरून दहा मीटर अंतर आखावे, वरच्या खुणेला पाण्यात लिंबू टाकावे. ते वीस सेकंदांत खाली आले तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. पण तळाशी आणि काठाला पाणी संथ असते म्हणून त्याचे शेकडा पंच्याऐंशीच धरावे. चारी तीन मीटर रुंद आणि सरासरी ऐंशी सेंटिमीटर खोल असेल तर हिशेब सेकंदाला सुमारे एक घनमीटर, म्हणजे छत्तीस क्यूसेकचा येतो. शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पोहोचत नाही ही तक्रार जुनी आहे. वरच्या आणि खालच्या, अशा दोन ठिकाणी लिंबू टाकले तर वाटेत किती गळाले हे त्या तक्रारीला आकड्याने सांगता येईल. मोठ्या माणसांनाही हे करून पाहायला हरकत नाही. मात्र मुलांना काठापासून दूर उभे करावे, आणि लिंबू टाकणारा मोठा असावा.

राहिली सावली. भास्कराचार्यांच्या छायाव्यवहारात शंकू बारा अंगुळांचा असतो. दिवस आणि रात्र समान असतात त्या दिवशी भर मध्यान्ही त्याची सावली जितकी पडते तिला त्या गावाची पलभा म्हणतात, आणि पंचांगकर्ते गावोगावची पलभा काढीत असत. पूर्णेचा अक्षांश एकोणीस अंशांच्या किंचित वर आहे. त्यावरून आपली पलभा चार अंगुळे आणि सुमारे दहा व्यंगुळे येते. पुढच्या मार्चच्या वीस-एकवीस तारखेला कोणीही ती अंगणात मोजून पाहावी. आज मात्र आपण वसंताच्या शेवटी आहो. मेच्या मध्यास, सोळा-सतराच्या सुमारास, सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो. तोही घड्याळाच्या बाराला नव्हे. घड्याळ ८२॥ अंश रेखांशाचे आणि आपण ७७ च्या जवळ. त्यामुळे आपली मध्यान्ह बारा वाजून अठरा मिनिटांच्या आसपास होते. त्या क्षणी उभ्या काठीला सावलीच राहत नाही. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात हे पुन्हा घडते, पण तेव्हा ढग पाहू देतील तर.

काठीची उंची, काठीची सावली आणि टाकीची सावली ह्या तीन आकड्यांवरून गावच्या पाण्याच्या टाकीची उंची त्रैराशिकाने निघते, हे सातवीच्या मुलालाही येते. तेव्हा मेच्या त्या दिवशी दुपारी कोणी गुरुजी मुलांना घेऊन टाकीखाली गेले, तर त्यांची फजिती होईल: भाजकाच्या जागी शून्य येईल. त्यांनी सकाळी आठलाच निघावे. सावल्या लांब असतात, मोजायला सोप्या जातात, आणि ऊनही सोसवते.